आठ महिने ऐकून झाल्यावर: हलगी तापेपर्यंत भारी, पुढं नेहमीचंच

आमच्या कोल्हापूरच्या एका पोराचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा पहिला ईपी, म्हणजे छोटा अल्बम, त्याबद्दल लिहितोय. आधी निकाल सांगतो म्हणजे घाईत असलेले सुटतील. पाचपैकी तीन स्टार. त्यातला दीड स्टार एकट्या चौथ्या ट्रॅकच्या पहिल्या सत्तर सेकंदांचा.

ईपीचं नाव आणि पोराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोल्हापूरला म्हणायला महापालिका आहे, पण संध्याकाळी चहाच्या गाड्यावर आम्ही दोघं शेजारी उभे असतो. ज्यांना ओळखायचंय ते हलगी म्हटल्यावर ओळखतीलच.

माझं सांगायचं तर शिवाजी उद्यमनगरात दोन लेथ आहेत. त्याच्या आधी अकरा वर्षं मंडळांच्या मिरवणुकांना साऊंड लावला. आमच्याकडं सगळ्याच साऊंडला डॉल्बी म्हणतात, त्यात डॉल्बी कंपनीचा एक स्क्रू नसला तरी. त्या अकरा वर्षांनी उजव्या कानाची वरची पट्टी खाल्ली आहे. तेव्हा झांज-हायहॅटबद्दल मी काही बोललो तर निम्मंच धरा. बेसबद्दल बोललो तर मात्र पूर्ण धरा.

जूनमध्ये बँडकॅम्पवर, म्हणजे संगीत विकणाऱ्या अमेरिकन साइटवर, तीन डॉलरला घेतला. आपल्याच पेठेतल्या पोराला पैसे द्यायचे, तर ते अमेरिकेला वळसा घालून, वाटेत शंभरातले पंधरा तिकडं ठेवून. त्यापेक्षा गाड्यावर चहा पाजला असता तर जास्त पोचलं असतं. पण वेव्ह फाइल हवी होती, आणि पहिलं काम विकत घ्यावं असं माझं मत आहे. पाच ट्रॅक, मिळून तेवीस मिनिटं. आठ महिन्यांत इअरफोनवर ऐकलं, कागलच्या एमआयडीसीला जाता-येता गाडीत ऐकलं, कारखान्यात ब्लूटूथवर ऐकलं आणि एकदा मित्राच्या गोदामात अठरा इंची बिनांवर, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरांवर ऐकलं. त्या गोदामाचं पुढं सांगतो.

पहिला आणि पाचवा ट्रॅक सोडून देऊ. पहिला म्हणजे ‘मलाही येतं’ हे दाखवायचा आहे, पाचवा म्हणजे ईपीला पाच ट्रॅक असावेत म्हणून आहे. इअरफोनवर दोन्हींना नाव ठेवण्यासारखं काही नाही, आणि लक्षात राहण्यासारखंही काही नाही.

दुसरा पंचगंगेचा आहे. घाटावरची घंटा, पाण्याचा आवाज, आणि मागं कुणीतरी माईकवरून पातळी सांगतंय, त्याचे तुकडे करून तालात बसवलेत. ‘एकोणचाळीस फूट’ एवढंच पुन्हापुन्हा येतं. बाहेरच्या माणसाला ते नुसते शब्द वाटतील. इथल्या माणसाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे पाढ्यासारखं पाठ आहे, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर शाळेतल्या पोरांनाही. जूनमध्ये ऐकला तेव्हा बरा वाटला. जुलैत बहिणीचं सामान माळ्यावर चढवून रात्री घरी आलो, मोबाइलवर पातळीचे मेसेज येतच होते, आणि कशी कोण जाणे यादी पुढं सरकून हाच ट्रॅक लागला. ‘एकोणचाळीस फूट’ आलं आणि मी बंद केला. बंद करावा लागला हे मी कौतुक म्हणून लिहितोय. पण पाणी चढत असताना ट्रॅक मात्र चढत नाही. तीन मिनिटं चाळीस सेकंद आहे तिथंच. प्रत्येक आवाजाला तोच मोठ्या हॉलचा घुमारा लावलाय. घाटावर उभं राहून कुणी हाक मारली तर ती तशी घुमत नाही, पाण्यावरून सपाट निघून जाते. त्यानं तिथं उभं राहून रेकॉर्ड केलंय, म्हणजे हे त्यानं ऐकलंय, आणि तरीही तयार प्रीसेट लावलाय.

तिसरा ट्रॅक मित्रमंडळींत सगळ्यात गाजला आणि माझ्याकडं सगळ्यात लवकर शिळा झाला. मालकंस रागाचे सूर आणि ३०३ नावाच्या बेस वाजवणाऱ्या यंत्राचा चिवचिवता बेस. कल्पना चांगली आहे, पण तिचं वय चाळिशी पार आहे. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ काढला, रोलँड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० ला तो पुन्हा निघाला तेव्हा जगाला कळलं, की अ‍ॅसिड हाऊस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार शिकागोत जन्मायच्या आधीच हा माणूस तसलं काही वाजवून बसला होता. पोरानं ते ऐकलंय, बरं केलं. पण जिथं तो रेकॉर्ड थांबला तिथून पुढं जायचं सोडून हा त्याच दारात उभा आहे.

शिवाय एक तांत्रिक अडचण आहे, ती कानाला खुपते. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय असते, तिला स्लाइड म्हणतात. पण अंतर कितीही असो, ती घसरण ठरलेल्या वेळातच होते. गाण्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर ओढत जाणं, तशी नसते. धैवतावरून मध्यमावर किती वेळानं उतरायचं, वाटेत कुठं रेंगाळायचं, हे गाणारा ठरवतो. दहाव्या वेळेला ऐकताना सगळ्या मींडा एकाच साच्यातून काढलेल्या वाटायला लागतात. दुसऱ्या एखाद्या शहरात हे खपलं असतं. हे गायक अल्लादियाखाँसाहेबांचं गाव आहे, देवल क्लब ही गाण्याची संस्था इथं १८८३ पासून आहे, आणि मालकंस म्हटल्यावर मागच्या रांगेतला निवृत्त पोस्टमनही मान वर करून बघतो. मला स्वतःला गाण्यातलं फार कळत नाही. वडील न्यायचे म्हणून जायचो, अर्धा वेळ झोपायचो. तरी एवढं कळलं.

आता चौथा.

सुरुवातीला काहीच नाही, फक्त पाऊस पत्र्यावर पडतोय. मग कागद चुरगाळल्याचा आवाज, काडी ओढल्याचा, आणि जाळ धरल्याची फरफर. त्यात कुणीतरी हलगीवर एक टिपरू मारतं. ढप्प. ओल्या पोत्यावर मारल्यासारखं. पावसात कातडं सैल पडतं, ते शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही. परत जाळ, परत एक टिपरू, आणि आवाज केसभर वर. असं सात-आठ वेळा होतं. दर खेपेला ढप्प कमी होत जातं आणि खण्ण वाढत जातं. मधे वादक खोकतो, कुणाला तरी ‘धर की नीट’ म्हणतो. साधारण पासष्टाव्या सेकंदाला बारीक काडीचा पहिला फटका असा काही कडाडतो, की इअरफोन असूनही मी मागं वळून बघितलं होतं.

खासबागेच्या कुस्ती मैदानात लाल मातीत जोड सुटायच्या आधी हा आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना पुढं काय येणार हे पायातून कळतं. कातडं तापत सूर वर चढणं हाच चढ आहे. दुनियाभरचे डीजे कीबोर्डवरून जो चढ बनवायला बघतात, तो इथं आयता, खराखुरा, धुराच्या वासासकट आलाय.

आणि बहात्तराव्या सेकंदाला पोरानं काय केलं? त्यावर ती शूऽऽऽ करत वर जाणारी शिट्टी टाकली. विमान उडाल्यासारखी. तयार आवाजांच्या सॅम्पल पॅकमध्ये शंभर-शंभर मिळतात तसली. मग चार ठोक्यांची शांतता, आणि धाड्, किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका. तिथून पुढं चार मिनिटं हलगी आहे, पण असून नसल्यासारखी.

नसल्यासारखी का, ते मला कळायला दोन महिने लागले. एक म्हणजे साइडचेन. किक वाजली की बाकी सगळं क्षणभर दबायचं, असं कॉम्प्रेसरला सांगून ठेवलेलं असतं, त्यानं गाणं श्वास घेतल्यासारखं वाटतं. सिंथच्या लांब सुरांवर ते शोभतं. पण हलगीचा सगळा जीव फटक्याच्या पहिल्या क्षणात असतो. नेमका तोच क्षण किकखाली दबला तर मागं उरते ती शेपूट. दुसरं म्हणजे त्यानं सगळे फटके कापून ग्रिडवर, म्हणजे संगणकातल्या तालाच्या आखीव रेषांवर चिकटवलेत. आमच्याकडचा हलगीवाला साथीच्या घुमक्याच्या जरा पुढं वाजवतो, कैताळ त्या दोघांना सांभाळत मधून चालतं, आणि त्या ओढाताणीत पाय हलतात. सगळे एका रेषेत उभे केल्यावर ती शाळेची कवायत झाली.

गोदामाचं राहिलंच. ऑक्टोबरात मंडळांचा सीझन संपल्यावर मित्राच्या बिना मोकळ्या होत्या. रविवारी दुपारी लावल्या, कारण रात्री १० नंतर लावायची सोय नाही आणि आमच्या वयात हौसही नाही. पहिला ट्रॅक लावला. वरचं सगळं छान, आणि खाली काहीच नाही. बेस गायब. मित्र म्हणाला अ‍ॅम्प गेला. केबल बदलली, दुसरं गाणं लावलं, तर पत्रे थरथरले. परत हा ट्रॅक, परत बेस गायब. मग फक्त डावा चॅनेल सोडला, बेस आला. फक्त उजवा, तरी आला. दोन्ही एकत्र केले की गेला.

तेव्हा ट्यूब पेटली. मिरवणुकीची सिस्टीम मोनो चालते, डावं-उजवं एकत्र करून. पोरानं बेस रुंद वाटावा म्हणून त्यावर स्टिरिओ पसरवणारं प्लगइन लावलंय, आणि त्यानं डाव्या-उजव्याचा फेज उलटा झालाय. एक बाजू ढकलते तेव्हा दुसरी ओढते. हेडफोनवर दोन कानांत वेगवेगळं जातं म्हणून कळत नाही, उलट भव्य वाटतं. एकत्र केलं की अधिक-उणे शून्य. त्यानं सगळं माडीवरच्या खोलीत हेडफोनवर केलंय हे तिथंच समजलं. चाळीस हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, ती त्या खोलीत मावणार तरी कुठं. त्याला दोष देत नाही. पण ज्या गावात गाणं शेवटी ट्रॅक्टरवरच्या बिनांवर वाजणार, तिथं एकदा मोनो करून बघायला काय जात होतं?

आवाजाच्या जोराचंही असंच. माझ्या मीटरवर सगळे ट्रॅक उणे ६ लफ्सच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास आहेत, म्हणजे दाबून-दाबून विटेसारखे सपाट केलेले. स्पॉटिफाय सगळ्यांना नेहमीच्या सेटिंगवर उणे १४ ला आणून ठेवतं, म्हणजे याचा ट्रॅक आठ डेसिबलनं खाली येतो. जोरात वाजावा म्हणून जे कुटलं, त्याचा जोर गेला आणि कुटलेलं तेवढं राहिलं. गाडीत तिसऱ्या ट्रॅकपर्यंत कान थकतात ते यामुळंच.

दिवाळीनंतर गाड्यावर त्यानंच विषय काढला.

“दादा, ऐकालाय न्हवं?”

“ऐकालोय की. ते हलगी शेकायचं कुठं घावलं तुला?”

“तालमीत. पाऊस लागलेला, हलगी वाजंना झालती. मी रेकॉर्डर चालू ठेवलेला, बंद करायचा राहिला.”

“मग वर ती शिट्टी कशाला घातलीस?”

तो जरा थांबला. “लोक थांबत न्हाईत दादा. तीस सेकंदांच्या आत गेले तर स्पॉटिफायवर ऐकलेलंच धरत न्हाईत.”

मी म्हटलं, “अरे पण ती शिट्टी बहात्तराव्या सेकंदाला हाय. थांबायचे ते तवर थांबल्यात.”

तो हसला, आणि चहाचे पैसे त्यानंच दिले. दुसऱ्या दिवशी मूळ रेकॉर्डिंग पाठवलं, न कापलेलं, नऊ मिनिटांचं. ते मी सकाळी कारखाना उघडताना लावतो. पहिल्यांदा लावलं तेव्हा आमच्या गडहिंग्लजच्या फिटरनं चालू लेथ बंद केला आणि ‘कुठली यात्रा?’ म्हणून विचारलं. ईपीतला तयार ट्रॅक त्याच स्पीकरवर महिनाभर वाजत होता, तेव्हा त्यानं मान वर केली नव्हती.

घ्यायचा का? कोल्हापूरचे असाल तर घ्या, दुसऱ्या आणि चौथ्यासाठी तीन डॉलर जास्त नाहीत. नाचायला हवा असेल तर हा तुमचा नव्हे. निर्मिती शिकणाऱ्यांनी जरूर घ्यावा, पहिला ट्रॅक मोनो करून ऐकावा आणि आपली फाइलही लगेच तशीच ऐकावी.

त्याचं पुढचं काम चालू आहे म्हणतो. माझ्याकडं साऊंडच्या काळातला एक जुना मिक्सर पडून होता, एक फेडर खरखरतो, बाकी ठीक. परवा तो त्याला नेऊन दिला. त्यावर मोनोचं बटण आहे, ते दाबून टेप लावून ठेवली आहे.