गाडीची बॅटरी: स्वतः बदलावी की मेकॅनिकला बोलवावं?

मी दोन्ही करून पाहिलं आहे. एकदा माणूस घरी बोलावला, पुढच्या वेळी पाना हातात घेतला.

मेकॅनिकच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पंधरा किलोच्या आसपासचं ते धूड अडचणीच्या जागेतून उचलायची त्याला सवय असते, जुनी बॅटरीही तोच घेऊन जातो. शिवाय बॅटरीच गेली आहे की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) ती चार्ज करत नाही, हे तो मीटर लावून सांगतो. घरी साधा मल्टीमीटर असेल तर हे तुम्हालाही कळेल. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये, म्हणजे वायर जोडलेल्या टोकांमध्ये, १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. आकडा १२ च्या घरातच घुटमळला, तर नवी बॅटरीही लवकरच उतरेल.

माझ्याकडे आलेल्या माणसाने दहा मिनिटांत काम उरकलं. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली, मी खूश. काही दिवसांनी खड्ड्यात पुढून 'ठक्' असा आवाज येऊ लागला. मी सस्पेन्शन तपासून घेतलं, त्यातले रबरी बुश बघून घेतले, आवाज होताच. महिनाभराने बॉनेट उघडून सहज बॅटरीला हात लावला, तर ती हलली. तिला दाबून धरणारी पट्टी लावलेलीच नव्हती. बोल्ट ट्रेच्या कोपऱ्यात पडून होता! सतत हादरे बसले की आतल्या प्लेटांवरचा थर सुटतो आणि बॅटरी वेळेआधी जाते. टर्मिनल धातूला टेकलं तर शॉर्टसर्किटची भीती वेगळीच. सगळे मेकॅनिक असंच करतात असं मी म्हणणार नाही, पण मला ती पट्टी विसरता आलेली नाही.

स्वतः केलं तेव्हा पाऊण तास लागला. बराचसा वेळ टर्मिनलच्या क्लॅम्पवर साचलेली पांढरी-हिरवट पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुण्यात गेला. घाईतला माणूस ते करत नाही. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, एवढं मात्र डोक्यात पक्कं हवं. निगेटिव्ह वायर बॉडीला जोडलेली असते, त्यामुळे ती लावलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर जोरदार ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. नवी बॅटरी घेताना पॉझिटिव्ह कोणत्या बाजूला आहे ते पाहा. उलट बाजूची आणलीत तर वायर पोचत नाही.

काही गाड्यांच्या बाबतीत मात्र मी मेकॅनिकच सुचवेन. सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाडीला एजीएम किंवा ईएफबी प्रकारची, म्हणजे वारंवार सुरू होणं झेपणारी बॅटरी लागते, आणि काही मॉडेलांत नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते. सीटखाली किंवा डिकीत बॅटरी असेल तर वायू बाहेर नेणारी नळीही परत जोडायची असते. पाठीचं दुखणं असेल तरी स्वतः बदलण्याचा विचार सोडा.

बाकी साध्या, बॉनेटखाली बॅटरी असलेल्या गाडीसाठी, एक सुटी सकाळ हाताशी असेल तर माझा कल पान्याकडे आहे. मेकॅनिकच बोलवायचा ठरलं, तर तो निघण्याआधी बॅटरी दोन्ही हातांनी धरून एकदा हलवून बघा.