केरळातून मागवलेली मँगोस्टीन, रामबुतानची रोपं: पुण्यात दोन उन्हाळे काढल्यावरचा रिव्ह्यू

रोपं हातात आली त्याच दिवशी रिव्ह्यू टाकणारे खूप दिसतात, पॅकिंग छान, पानं हिरवीगार, पाच स्टार. फळझाडाच्या बाबतीत त्याला काहीच अर्थ नाही, रोप कसं होतं ते पहिला मे महिना सरल्यावर कळतं. म्हणून मी मुद्दाम दोन उन्हाळे थांबले आणि आता लिहितेय.

मेट्टुपालयमवरून कुन्नूरला चढताना बर्लियारला रस्त्याच्या कडेला मँगोस्टीन विकायला बसतात, तिथे पहिल्यांदा खाल्लं आणि तेव्हापासून ते झाड आपल्याकडे असावं असं डोक्यात बसलं ते बसलंच. माझं माहेर कुडाळचं, परसात रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड आहे, आणि मँगोस्टीन म्हणजे रातांब्याचाच भाऊबंद, एकाच गार्सिनिया वंशातला, त्यामुळे वाटलं की जमेल. पण कुडाळ वेगळं आणि पुण्यातली चौथ्या मजल्यावरची गच्ची वेगळी.

ऑर्डर केली फेब्रुवारीच्या शेवटी, केरळातल्या एका ऑनलाइन नर्सरीतून. मँगोस्टीनची बियांपासून केलेली दोन रोपं, एक 'कलमी' रामबुतान, एक जाबुटिकाबा (खोडावरच काळी फळं धरणारं ब्राझीलचं झाड). कुरिअर धरून साधारण तीन हजार गेले. सहाव्या दिवशी बॉक्स आला. पॅकिंगला खरंच पूर्ण मार्क, पिशवी प्लॅस्टिकने आवळलेली, कोकोपीट ओलं, खोडाला काठी बांधलेली, एक पान मोडलं होतं तेवढंच, देठातून पिवळा चीक आला होता, अगदी रातांब्यासारखा.

तक्रार पुढे सुरू होते. रामबुतान कलमी म्हणून जास्त पैसे घेतले होते. रामबुतानचं कलम बहुतेक डोळा भरून करतात, म्हणजे चांगल्या झाडाचा कोंब रोपाच्या सालीत बसवतात, मग खालच्या रोपाचा शेंडा कापतात, त्यामुळे जमिनीपासून वीतभर उंचीच्या आत खोडाला थोडा बाक येतो आणि कापल्याची खूण राहते. माझ्या रोपाचं खोड मातीपासून शेंड्यापर्यंत एकसारखं सरळ, कुठे गाठ नाही की खूण नाही. बियाचं रोप होतं ते. आणि रामबुतानमध्ये हा फरक साधा नाही, बियांच्या रोपांतली जवळपास निम्मी नर निघतात, पाच सहा वर्षं सांभाळायचं आणि मग फुलं आल्यावर कळायचं की याला फळ धरणारच नाही. फोटो पाठवले, तीन मेल केले, तेव्हा कुठे अर्धे पैसे परत आले. म्हणून सांगते, ऑर्डर करायच्या आधी जोडाचा जवळून काढलेला फोटो मागा, टाळाटाळ केली तर घेऊ नका.

मँगोस्टीनचं मात्र उलटं आहे. त्याची बी परागीभवनाशिवायच तयार होते, म्हणून बियाचं रोप आईसारखंच निघतं, नर निघायची भीती नाही. कोकमात तशी भीती असते, म्हणून तर दापोलीच्या विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीची कलमंच लावायची. मँगोस्टीनचं कलम लवकर फळतं हे खरं, पण झाड लहान राहतं आणि वाढीला जोर कमी असतो. दुप्पट पैसे देऊन कलमच घ्या असा आग्रह कोणी केला तर घाई करू नका, बियाचं निरोगी रोप चांगलंच आहे. फक्त पिशवी बघा. याला लांब सोटमूळ असतं आणि मुळांवर केशमुळं जवळपास नसतातच, त्यामुळे मूळ दुखावलं की रोप महिनोन्महिने रुसतं. माझ्या दोनांपैकी एकाचं मूळ आखूड पिशवीच्या तळाशी गोल फिरून बसलं होतं. दोन वर्षांत त्याने पानांच्या फक्त तीन जोड्या काढल्या, दुसऱ्याने सात, माती सावली पाणी सगळं तेच.

आईला फोन केला तेव्हा ती एकच बोलली, "सावलेत ठेव गो, रातांब्याचा ल्हान रोप पण ऊन सोसना नाय." तेवढं मी केलं, 75 टक्क्यांची हिरवी शेडनेट लावली. तरी एप्रिलमध्ये रामबुतानची पानं टोकाकडून तपकिरी व्हायला लागली, मग कडा, मग अर्धं पान. मला वाटलं उन्हाने होतंय, म्हणून पाणी वाढवलं, दिवसातून दोनदा, आणि ते अजून वाढलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात रोप गेलं.

कारण नंतर कळलं. आमच्याकडे बोअरचं पाणी, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर आणून बुडवला तर 780 पीपीएम. कुंडीच्या काठावर पांढरी खपली जमली होती ती तीच. पुण्याची उन्हाळ्यातली दुपारची हवा इतकी कोरडी की पानं पाणी ओढतच राहतात, पाणी उडून जातं आणि क्षार पानाच्या टोकाला साठतात. म्हणजे मी जितकं पाणी घालत होते तितकं मीठच घालत होते. जाबुटिकाबाची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, ते पण त्याच पाण्यामुळे, क्षारयुक्त पाण्याने माती अल्कली होते आणि लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. त्याला ईडीडीएचए वालं चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह दिलं, साधं ईडीटीए वालं अशा मातीत टिकत नाही, महिन्याभरात नवी पानं हिरवी आली.

आता पावसाळ्यात गच्चीवर 200 लिटरचे दोन ड्रम भरून झाकून ठेवते, उन्हाळ्यात ते संपत आले की एसीचं पाणी. आरओचं वाया जाणारं पाणी चुकूनही घालू नका, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. माती भावाने कुडाळहून आणलेली लाल, त्यात तीनदा धुतलेलं कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत आणि भाताचं तूस. काळी माती अजिबात नाही. दुपारी भोवती ओलं गोणपाट टांगते. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की सगळं वाढायचं थांबतं, तेव्हा कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लावते आणि पाणी कमी करते. एवढं केल्यावर दुसरा उन्हाळा तिन्ही रोपांनी एकही पान न जाळता काढला.

मँगोस्टीनचा शेंडा दिसत नाही हे मला आधी माहीत नव्हतं, मला वाटायचं रोप संपलं. डोळा शेवटच्या दोन पानांच्या देठांमध्ये दडलेला असतो. जुलैमध्ये एका सकाळी ते देठ जरासे फाकले होते आणि मधून दोन पानं एकमेकांना चिकटून, हात जोडल्यासारखी, तांबूस रंगाची वर आली. आठ दिवसांत उघडली, मग हळूहळू जाड आणि गडद झाली. मी रोज चहा घेऊन तिथेच उभी राहत होते.

फळाचं विचाराल तर मँगोस्टीन त्याला मानवणाऱ्या हवेतसुद्धा सात ते दहा वर्षं घेतं, पुण्यात कुंडीत धरेल असं मी कुणाला सांगणार नाही. जाबुटिकाबाची आशा जास्त, त्याला थोडी थंडी चालते. दोन वर्षांत फळ अशी जाहिरात दिसली तर त्या दुकानातून मँगोस्टीन घेऊ नका.

माझे मार्क: पॅकिंग 5, मँगोस्टीन 3 कारण एकाचं मूळ खराब, जाबुटिकाबा 4, रामबुतान 1, सर्व्हिस 2. आणि नर्सरीवाल्यांना कळकळीची विनंती, उत्तरेकडच्या कोरड्या गावांना मार्चच्या तोंडावर रोपं पाठवू नका, पैसे घेऊन ठेवा हवं तर पण पाठवा जूनमध्ये, आणि सोबत पाण्याबद्दल दोन ओळी लिहून द्या.

पाण्याची सोय नसेल तर सध्या रोप घेऊ नका, आधी ड्रम घ्या. माझी पुढची ऑर्डर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, एकच रामबुतान, दुसऱ्या नर्सरीतून, जोडाचा फोटो आलाय, बाक आणि कापल्याची खूण दोन्ही स्पष्ट दिसतायत.