हाडातली गाठ: सुईने तुकडा घ्यायचा की चिरा देऊन?

गुडघ्याजवळ दुखतंय, रात्री जास्तच, आणि एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणतात, ‘बायोप्सी करावी लागेल,’ म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढावा लागेल. तो सुईने की चिरा देऊन? भाचीच्या वेळी आम्ही इथेच अडकलो होतो. (हाडावरच्या काही साध्या वाढी एक्स-रेवरच ओळखू येतात, त्यांना तुकडा घ्यावा लागत नाही. हे आधी विचारून घ्या.)

सुईच्या, म्हणजे कोअर बायोप्सीत सीटी किंवा एक्स-रेवर बघत जाड पोकळ सुई गाठीत घालतात. मोठ्यांना बहुधा तेवढ्या जागेपुरती भूल, लहान मुलांना पूर्ण. बाटलीतला तो शेवईएवढा तुकडा पाहून मला वाटलं, एवढ्यावर काय कळणार? पण सरावाच्या हातांनी घेतला तर बहुतेक वेळा कळतं. क्वचित नमुना अपुरा पडतो आणि पुन्हा सुई घालावी लागते.

चिरा देऊन तुकडा मोठा मिळतो, पण रक्त साकळण्याचा, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. खरी मेख पुढे आहे. गाठ कर्करोगाची निघाली तर ज्या वाटेने तुकडा काढला, तिथे पेशी सांडलेल्या असू शकतात. म्हणून मोठ्या ऑपरेशनमध्ये ती वाटही गाठीसोबत काढतात. हातापायावर चिरा उभाच हवा तो यासाठी. आडवा दिला की काढायचा भाग वाढतो आणि पाय वाचवणं अवघड होतं. अमेरिकेतले डॉ. हेन्री मँकिन यांनी १९९६ साली ५९७ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात १८ जणांचा हात किंवा पाय बायोप्सीतल्या चुकांमुळे नाहक कापावा लागला होता. ज्यांची बायोप्सी मोठ्या केंद्रात पाठवण्याआधीच झाली होती, त्यांच्यात चुका आणि गुंतागुंत २ ते १२ पट होती.

म्हणून माझं स्पष्ट मत: आधी सुई, आणि तीही जिथे पुढचं ऑपरेशन होईल तिथेच. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला हाडांच्या गाठींचा वेगळा विभाग आहे. जवळच्या दवाखान्यात ‘आज लगेच उरकू’ म्हणाले तरी थांबा. एमआरआय बायोप्सीच्या आधीच करा. नंतर आतल्या रक्तामुळे आणि सुजेमुळे चित्र गढूळ होतं.

बारीक सुईची एफएनएसी स्वस्त पडते, पण तिच्यात सुट्या पेशीच येतात. हाडातच सुरू झालेल्या गाठीसाठी तेवढ्यावर विसंबू नका.

आणि नमुना कल्चरलाही, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवायला सांगा. आपल्याकडे हाडाचा टीबी कधी कधी हुबेहूब गाठीसारखा दिसतो.