प्रिंटर वायफायवर, लॅन केबलवर की शेअरिंगवर?

काल छान चाललेला प्रिंटर आज ‘ऑफलाइन’ दिसू लागला की बहुतेक जण आधी ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकतात. ड्रायव्हर बिचारा बहुधा निर्दोष असतो. कॉम्प्युटर ज्या पत्त्यावर कागद पाठवतोय, त्या पत्त्यावर आता प्रिंटर राहत नाही, एवढंच झालेलं असतं. त्यामुळे जोडणी निवडताना छपाईच्या वेगापेक्षा हा पत्ता किती टिकतो ते बघा.

शेअरिंग, म्हणजे एका कॉम्प्युटरला यूएसबीने प्रिंटर लावून इतरांनी त्यातून प्रिंट काढायची. प्रिंटरला नेटवर्कची सोयच नसेल तर हाच मार्ग उरतो. पण तो कॉम्प्युटर बंद असला किंवा झोपी गेला की सगळ्यांची छपाई ठप्प. शिवाय सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरला जोडताना शेवटी ‘११बी’ असलेला एरर कोड अनेकांना दिसू लागला. त्यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात) बदल करून सुरक्षा सैल करायचा तोडगा सर्रास सांगितला जातो. मी तो करणार नाही. सगळ्या मशीनवर अपडेट नीट करून घेणं बरं.

वायफाय सोयीचं, यात वाद नाही. प्रिंटर कुठेही ठेवा, मोबाइलवरूनही प्रिंट द्या. अडचणी येतात त्या राउटरपाशी. बरेच प्रिंटर वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतात, त्यामुळे सेटअपपुरता तरी राउटरचा तो बँड वेगळ्या नावाने दिसू द्यावा. जुन्या प्रिंटरला केवळ डब्ल्यूपीए३ या नव्या वायफाय सुरक्षा पद्धतीवर ठेवलेलं नेटवर्क जमत नाही. आणि प्रिंटर किंवा लॅपटॉप गेस्ट नेटवर्कवर असेल तर दोघांनाही इंटरनेट मिळतं, पण बहुधा एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. हे लक्षात न आल्यामुळे अख्खी दुपार जाऊ शकते.

लॅन केबलला यातलं जवळपास काहीच आडवं येत नाही; लॅपटॉप तेवढा गेस्ट नेटवर्कवर नको. प्रिंटर जागचा हलणार नसेल, पाच-सहा जण वापरणार असतील आणि राउटरपर्यंत वायर नेता येत असेल, तर माझं मत सरळ केबलला.

मात्र केबल असो वा वायफाय, खरी मेख पोर्टमध्ये, म्हणजे विंडोज कोणत्या वाटेने प्रिंटरकडे कागद पाठवतं त्या नोंदीत, असते. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ टॅब उघडून बघा. विंडोजने आपणहून जोडलेला प्रिंटर अनेकदा डब्ल्यूएसडी पोर्टवर असतो. आयपी, म्हणजे प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता, बदलला तरी तो प्रिंटरला पुन्हा हुडकतो, हा त्याचा फायदा. पण हुडकण्याचे संदेश राउटरने अडवले, की प्रिंटर समोर चालू असूनही ऑफलाइन दिसतो. स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट थेट दिलेल्या पत्त्यावर, सहसा प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टवर, कागद धाडतो. हुडकाहुडकी नाही. पण राउटरने उद्या प्रिंटरला दुसरा आयपी दिला, की कागद भलत्याच दारात. म्हणून राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी राखून ठेवा आणि मग टीसीपी/आयपी पोर्ट वापरा. या जोडीइतकं शांत काही नाही. एवढं करूनही ऑफलाइन दिसत असेल आणि पिंगला (पत्त्यावर कुणी आहे का ते तपासणाऱ्या कमांडला) मात्र उत्तर येत असेल, तर त्याच पोर्टच्या सेटिंगमधलं ‘एसएनएमपी स्टेटस’ (प्रिंटरला त्याची स्थिती विचारत राहण्याची सोय) बंद करून पाहा.

आत्ताच अडकला असाल तर प्रिंटरच्या पॅनेलवरून नेटवर्कची माहिती असलेलं पान छापा. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही; कॉम्प्युटरवर काहीही करून उपयोग नाही. पत्ता नीट असेल तर तो ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं पान उघडलं म्हणजे नेटवर्क ठीक, दोष कॉम्प्युटरकडचा. मग यादीत त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’ नावाची दुसरी नोंद झालीये का आणि डीफॉल्ट जुन्या नोंदीवर अडकलंय का, ते बघा.

वायफायवरून केबलवर जाणार असाल तर एक खबरदारी घ्या. दोन्हींचे मॅक ॲड्रेस (राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो कायमचा क्रमांक) वेगळे असतात, त्यामुळे वायफायसाठी राखलेला आयपी केबलला आपोआप मिळत नाही. काही प्रिंटर तर केबल लावताच वायफाय बंद करतात. राउटरमधली नोंद नव्या मॅकवर करा, नाहीतर सगळ्या कॉम्प्युटरवरचे पोर्ट बदलत बसावं लागेल.