बाळाला ‘बसायला शिकवणारी’ कापडी सीट : चार महिन्यांच्या वापरानंतर

मुलीला पाच महिने पूर्ण झाले तेव्हा, जूनच्या सुरुवातीला, रत्नागिरीच्या बाजारातून ही कापूस भरलेली सीट ७५० रुपयांना घेतली. ‘बाळ आपोआप बसायला शिकते’ असे वेष्टनावर छापलेले आहे. बाळ तिच्यात बसते हे खरे. शिकते असे मात्र मला दिसले नाही.

मधल्या खळग्यात बाळाचे बूड रुतते, गुडघे वर येतात, पाठीला पोक येते आणि हनुवटी छातीला टेकते. चहूबाजूंनी गादी असल्यामुळे तोल जातच नाही आणि तो गेल्याशिवाय सावरण्याची सवय शरीराला लागत नाही. मान धरल्यावर हा ताबा छातीवरून कमरेपर्यंत हळूहळू उतरतो आणि त्यासाठी पालथे पडणे, हातांवर रेटा देणे, कुशीवर वळणे हेच लागते, असे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावले. त्यावर सर्वांत जास्त हिरमुसली ती माझी आई, कारण ‘नात बसायला लागली’ म्हणून सीटमधला फोटो तिने लांज्यापर्यंतच्या नातेवाइकांना पाठवून झाला होता.

मग पडवीत चटईवर जाड गोधडी अंथरून मुलीला रोज थोडा वेळ हात पुढे टेकवून बसवू लागलो. समोर घासून गुळगुळीत केलेली करवंटी ठेवली की ती उजवा पंजा क्षणभर उचलायची आणि त्याच बाजूला कलंडायची. तीनेक आठवड्यांनी कलंडता कलंडता तोच हात आपसूक बाजूला टेकला आणि ती स्वतःच दचकून माझ्याकडे पाहू लागली. मागे जाणारा तोल सावरणे सर्वांत शेवटी जमते, म्हणून पाठीमागची उशी आम्ही बरेच दिवस काढली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भारतासह पाच देशांतील मुलांच्या अभ्यासात आधाराविना बसण्याचे वय साधारण ३.८ ते ९.२ महिने इतके पसरलेले आढळले, तेव्हा शेजारचे बाळ आधी बसले म्हणून घाईने सीट आणण्याचे कारण नाही. नऊ महिने होऊनही बाळ बसत नसेल तर दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे जावे.

कोकणातल्या ग्राहकांसाठी आणखी एक गोष्ट : खोळीला चेन नाही, त्यामुळे सीट सगळीच्या सगळी धुवावी लागते. जुलैत धुतलेली आमची सीट चार दिवस पंख्याखाली ठेवूनही आतून ओलीच राहिली आणि तिला कुबट वास धरला.

फोडणी देईपर्यंत बाळ दहा मिनिटे नजरेसमोर राहावे, एवढ्यापुरती ती उपयोगी पडते. मात्र ती जमिनीवरच ठेवावी, कारण पायांनी रेटा दिला की बाळ सीटसकट मागे उलटते. आणि डोळा लागला तर लगेच उचलून पाठीवर निजवावे. पाचपैकी दोन तारे देतो, त्यांतला एक केवळ शिवण अजून उसवलेली नाही म्हणून.