स्कॅनिंग एजन्सीचा अनुभव: पुढची बाजू पाच स्टार, मागची बाजू गायब

आमच्या पाणीपुरवठा खात्याचं जुनं रेकॉर्ड डिजिटल करायला बाहेरची एजन्सी लावली होती, वर्ष होत आलं आता. काम द्यायच्या आधी मी स्वतः रिव्ह्यू शोधत होते तेव्हा सगळीकडे नुसतं "व्हेरी गुड सर्व्हिस, वेळेत काम" एवढंच सापडलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. एजन्सीचं नाव देत नाही, कारण खाली जो घोळ सांगणारे त्यात अर्धा दोष आमच्या टेंडरचा आहे. पाचपैकी तीन स्टार.

आधी चांगलं. माणसं शिस्तीची होती. स्कॅनिंग म्हणजे मशीनमध्ये कागद घालायचा असं वाटतं, पण खरा वेळ जातो तो त्याच्या आधी, टाचण्या काढण्यात. आमच्या टाचण्या गंजून कागदात रुतलेल्या, ओढली की कागदाचा तुकडाच हातात. तर यांची चारपाच पोरं दिवसभर बोथट पट्टीनं एकेक टाचणी उचलत बसायची आणि फाटका कागद निघाला की तो कागद आपोआप ओढणाऱ्या फीडरमध्ये न घालता फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेवर ठेवून, वेगळा घ्यायची. गठ्ठा आत गेला बाहेर आला त्याची नोंद, प्रत्येक फाईलच्या वर बारकोडचा कागद म्हणजे सॉफ्टवेअरला कळतं की इथून नवी फाईल सुरू झाली. दोन कागद चिकटून एकदम आत गेले तर मशीन अल्ट्रासॉनिकने ओळखून थांबतं, ते त्यांनी आम्हाला मुद्दाम चिकटवून दाखवलं. हे सगळं एकदम व्यवस्थित.

ड्रॉइंगच्या बाबतीत तर मी फारच खूश. जुन्या अमोनिया प्रिंट, म्हणजे ड्रॉइंगच्या जुन्या पद्धतीच्या कॉप्या, उजेडात ठेवल्या की फिक्या पडत जातात, काही ठिकाणी लाइनच दिसेनाशी झालेली, तर त्यांनी स्वतःहून सांगितलं की मॅडम हे गठ्ठे आधी घेऊ आणि रंगीतच घेऊ. ए-झिरो साइजचं एक ड्रॉइंग ३०० डीपीआयला रंगीत घेतलं तर कॉम्प्रेस न करता ४०० एमबीच्या वर जातं, आमच्या आयटीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण एजन्सी अडून बसली आणि बरं झालं अडून बसली.

आता कॉम्प्रेशनचं निघालंच आहे तर एक सांगते, कारण असं काम देणाऱ्या प्रत्येकानं हे विचारायलाच हवं. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन कॉम्प्युटरवाल्याला दिसलं की झेरॉक्सची काही मशिन्स स्कॅन करताना आकडेच बदलतायत. घराच्या प्लॅनवर तीन खोल्यांचे तीन वेगवेगळे एरिया होते आणि स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३. कारण जेबिग-टू नावाचं कॉम्प्रेशन, ते एकसारखे दिसणारे आकडे एकच आहेत असं समजून एकाचंच चित्र सगळीकडे चिकटवतं, ६ च्या जागी ८ येऊ शकतो आणि अक्षर पुसट वगैरे काही दिसत नाही, अगदी स्वच्छ दिसतं. कंपनीने नंतर पॅच काढला. आमच्याकडे ६ इंची लाइनची ८ इंची झाली तर काय होईल विचार करा. मी पहिल्याच मीटिंगला विचारलं, सुपरवायझरला माहीत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी चौकशी करून त्यानं ते सेटिंग बंद करून ग्रुप-फोर नावाचं, आकडे न बदलणारं कॉम्प्रेशन लावलं. याला मी फुल मार्क देते.

आणि एवढं सगळं विचारणारी मी, पाठच्या बाजूचं विचारायला विसरले.

आमच्याकडे प्रत्येक व्हॉल्व्हचं एक कार्ड असतं. पुढच्या बाजूला शाईनं छापील रकान्यात साइज, कुठे आहे, किती फेऱ्यांत बंद होतो. १२ इंची असेल तर साधारण ३८-३९ फेऱ्या, इंचाची तिप्पट आणि वर दोनतीन असा ढोबळ हिशेब असतो. मागची बाजू कोरी. म्हणजे ऑफिसच्या हिशेबानं कोरी. पण चावीवाले, म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करणारी आमची माणसं, वर्षानुवर्षं तिथेच पेन्सिलीनं लिहीत आलेत, खड्डा कुठून मोजायचा त्याचं छोटंसं स्केच, "झाकण रस्त्याखाली गेलं", "उलटी". उलटी म्हणजे हा व्हॉल्व्ह घड्याळाच्या उलट दिशेनं बंद होतो, जुन्या नेटवर्कमध्ये दोन्ही प्रकारचे असतात.

आता टेंडरमध्ये आम्हीच लिहिलेलं, कोऱ्या पानाचे पैसे मिळणार नाहीत. मग एजन्सीने सॉफ्टवेअरमधलं ब्लँक पेज रिमूव्हल चालू ठेवलं, कोणीही ठेवेल. शिवाय कार्डं ब्लॅक-अँड-व्हाइट घ्यायची असंही आम्हीच ठरवलेलं, कारण ग्रेस्केलला एका ठिपक्याला आठ बिट लागतात आणि याला एकच, जागा वाचते. पण एक बिट म्हणजे एका हद्दीच्या पलीकडे काळं आणि अलीकडे पांढरं, अधलंमधलं काही नाही. पिवळट कार्डावरची फिकी पेन्सिल पांढऱ्यात गेली, मग पान कोरं निघालं, मग सॉफ्टवेअरने ते उडवलं. माणसाच्या डोळ्यासमोर ते पान आलंच नाही. क्वालिटी चेकला काढलेल्या सँपलमध्येसुद्धा कोणाला काही चूक दिसली नाही, कारण चेक करणारा आहे ते पान नीट आलंय का बघतो, नसलेलं पान कसं बघणार?

कळलं कसं तर रात्री एक लाइन फुटली, टीमने मोबाइलवर कार्ड उघडलं (उघडायला दहा सेकंद, आधी रेकॉर्ड रूमची किल्ली कोणाकडे आहे इथपासून सुरुवात व्हायची, हे पण लिहिलं पाहिजे) आणि चावी लावून नेहमीसारखी उजवीकडे फिरवायला लागले. हलेना. जाम झालीय म्हणून जोर वाढवायला दांड्याला पाइप लावणार तेवढ्यात आमचे एक रिटायरमेंटला आलेले चावीवाले काका मागून ओरडले, "मॅडम, थांबवा त्यांना, ती उलटी आहे, स्पिंडल तोडतील!" व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडा होता आणि हे त्याला अजून उघडत होते. डावीकडे फिरवली, सुरसुर करत बसली.

दुसऱ्या दिवशी मी मूळ कार्ड काढून बघितलं. मागे कोपऱ्यात, तिरकं धरलं तरच दिसेल असं, "उलटी". दोनदा अधोरेखित.

कोणाला वाटेल एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसली. कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोला ९ सप्टेंबर २०१० ला गॅसची लाइन फुटून आठ माणसं गेली, तपासात निघालं की कंपनीच्या रेकॉर्डला तिथे सीमलेस म्हणजे बिनजोडाचा पाइप लिहिलेला होता आणि जमिनीत १९५६ साली टाकलेला वेल्डिंगच्या जोडाचा पाइप होता, जोडही धड नव्हता. त्यानंतर त्या गॅस कंपनीवर, पीजी-अँड-ईवर, ट्रकनं कागदांची खोकी काऊ पॅलेस नावाच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये नेऊन माणसं बसवून चाळायची वेळ आली. तिथे कागदच चुकीचा होता. आमचा कागद बरोबर होता आणि आम्ही पैसे देऊन त्याच्यातलं नेमकं तेवढंच पुसून घेतलं.

एजन्सीने काय केलं? पहिले चार दिवस "टेंडरप्रमाणे काम झालंय" हेच ऐकवलं, आणि ते बरोबरच होतं, त्यामुळे डोकं जास्तच फिरलं. एक स्टार त्याचा कापला. दुसरा इंडेक्सिंगचा, रस्त्याचं नाव तीन स्पेलिंगनी टाकलंय आणि सर्चला एकच सापडतं, टाइप केलेली पत्रं ओसीआरनं, म्हणजे अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं, वाचली जातात पण हातानं लिहिलेल्या नोंदी माणसानंच वाचून भरायला हव्या होत्या, त्या "अवाचनीय" म्हणून सोडल्यात. मी त्यातल्या वीस काढून वाचल्या, सतरा मला वाचता आल्या.

पण नंतर तोच सुपरवायझर येऊन बसला आणि कार्डांच्या मागच्या बाजू ग्रेस्केलमध्ये परत घ्यायचं ठरलं, अर्धा खर्च त्यांचा अर्धा आमचा. नशीब आमचं, की स्कॅन झालेले कागद रद्दीत घालायची घाई आमच्या एका साहेबांना झाली होती ती फाईल सहीसाठी पडून राहिली.

रिस्कॅन अजून चालूये. आता पेन्सिल स्पष्ट दिसते, आणि खोडलेलं पण दिसतं. परवा एक कार्ड आलं, त्यावर "उलटी" लिहून रबरानं पुसलंय आणि त्यावरच बारीक अक्षरात "सरळ", तारीख नाही, सही नाही. व्हॉल्व्ह बदलला होता की आधी लिहिणाऱ्याचं चुकलं होतं, काकांनाही आठवेना. शेवटी काका म्हणाले, "चला, फिरवूनच बघू." उद्या सकाळी जाणार आहोत.