रेपियर शेडमधला ओव्हरहेड क्लीनर: तूस उचलतो, बारीक धूळ नाही

कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात रेपियर (धोट्याशिवाय विणणारे माग) आले, तसे मागांवरच्या रुळावर फिरणारे क्लीनरही आले. तूस, म्हणजे सुताचे सुटे तंतू, उचलायला यंत्र उत्तम. पण विकणारा ‘कामगारांच्या छातीचा प्रश्न मिटला’ म्हणाला, तर ते मानू नये.

वरच्या पंख्याची फुंक मागावरचं तूस खाली पाडते आणि लोंबणाऱ्या दोन सोंडा ते ओढून घेतात. सोंडेचं तोंड जमिनीपासून दोन-अडीच इंच असावं. घासलं तर झिजतं, फार वर राहिलं तर तूस नुसतं पुढं सरकतं. सोंड वरच्या बाजूला चिरली की ओढ तिथंच मरते, फुंक मात्र चालूच. मग उडालेलं तूस ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) बसतं, फणीशी गोळी होते आणि धागा तुटतो, नाहीतर गोळी कापडातच विणली जाते. म्हणून सोंडा रोज हाताने चाचपाव्यात, क्लीनरमधली तूस अडवणारी जाळी प्रत्येक पाळीला बघावी. रुळावरून क्लीनरला वीज घेणाऱ्या कार्बनच्या घासपट्टीवर तूस साचलं तर ठिणगीने आग लागते. तो भाग वीज बंद करूनच आठवड्याला पुसावा.

आता खरी उणीव. ओढलेली हवा जाळीतून जाऊन त्याच पंख्याने परत मागावर मारली जाते. जाळीवर तूस अडतं, पण 15 मायक्रॉनखालची धूळ आणि सुकलेल्या खळीची (सुताला लावलेल्या पेजेची) भुकटी आरपार जाते आणि पुन्हा शेडभर पसरते. छातीत जाते ती हीच. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, ते बिसिनोसिसचं, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचं लक्षण. अमेरिकेच्या नियमात या धुळीची 8 तासांची सरासरी मर्यादा विणकामाला घनमीटरमागे 750 मायक्रोग्रॅम आहे, सूतकताईला 200.

ही धूळ धरायची तर मागांखालून हवा ओढणारा ह्युमिडिफिकेशन प्लांट (शेडची हवा गाळून दमट करणारी यंत्रणा) आणि त्याचा ड्रम फिल्टर, म्हणजे फिरत्या पिंपाची गाळणी, हवाच. आर्द्रता 75-80 टक्के ठेवावी. एप्रिलमध्ये दारं उघडी टाकली की सूत कोरडं पडतं आणि खळ जास्त झडते. बीम (ताण्याचा रूळ) बदलताना कॉम्प्रेसरची हवा मारणं तर बंदच करावं, त्या जागी व्हॅक्युम वापरावा. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-95 द्यावा.

जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये क्लीनरचा रूळ छपराच्या कैचीला टांगू नये. जमिनीवरून खांब उभे करून घ्यावेत आणि तो खर्च कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्यावा.